आंबट न लागणारं ताक

बिनचवीचं असं काही नसतं हो. थेंब मिळतात, नाही असं नाही, पण ते दुसऱ्या औषधाचे — तुमच्या चिठ्ठीवर आहे त्याचे नाही. वाचली मी, माफ करा, तुम्ही ती सारखी उलटीसुलटी करत होता म्हणून दिसली. ही गोळीच असते, पांढरी. आणि चव असते तिला. साबणाचा हात चुकून तोंडात जावा तशी. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो, म्हणून सांगतो. म्हणजे मी सांगतो ते बरोबरच असेल असं नाही, हल्ली माझं बरंच चुकतं — पण चहात घालू नका. आणि तिला न सांगता तर — बसा हो, बसा, तुमचा नंबर लागायला वेळ आहे, आत माझा मुलगा बसलाय. रवी. 'बाबा, दोन मिनिटं मी आधी बोलून येतो' म्हणाला. पेशंट मी आणि बोलतोय तो. तुमचा पेशंट कुठाय? घरी, ओझरला? तुम्ही कारखान्यात आहात का — हां, वाटलंच, बुटांवरून. आणि तिला माहीत आहे का तुम्ही आज इथे आलात ते? … नाही ना. असंच सुरू होतं. माझी बायको अशीच यायची. याच बाकावर बसत असेल, पिशवीत वर मेथीची जुडी ठेवून. मला सांगायची, भाजीला जाऊन येते. आणि मी म्हणायचो, ये.

मला काय आहे? तेच, जे तुमच्या घरी आहे. एक्याण्णवचा कुंभमेळा आठवतो तुम्हाला? लहान असाल. त्या वेळी मला पहिल्यांदा झालं. शाही स्नानाच्या दिवशी मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतले होते नव्हते ते सगळे बीकर दोन पोत्यांत भरले आणि रामकुंडावर गेलो. येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या लोट्यातलं थोडं थोडं पाणी मागून घेत होतो — मला म्हणे गोदावरीत किती माणसं विरघळली आहेत ते मोजायचं होतं. हसा, हसा, मलाही आता हसू येतं. त्या दिवशी मात्र मला ते इतकं स्पष्ट दिसत होतं! एका साधूला मी अर्धा तास मिठाची रचना समजावली आणि त्यानं ऐकून घेतली, हे विशेष. पोलिसांनी चौकीत नेऊन बसवलं. कुसा आली — माझी बायको, कुसाबाई — तर ती हातात माझ्या चपला घेऊन आली. मी अनवाणी होतो हे मला माहीतच नव्हतं. रागावली नाही, रडली नाही, खाली बसली आणि चपला माझ्या पायात चढवल्या, लहान पोराला चढवतात तशा. मग ती थंडी मी भिंतीकडे तोंड करून काढली. घरातलं फिनेल कुसानं शेजारच्यांकडे नेऊन ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं. माझ्याबद्दलचं सगळं मला नंतरच कळतं. म्हणजे हे सगळं खोटं होतं असं मी म्हणत नाही. आजार खरा होता. गोळ्या लागल्या, लिथियम, आणि गोळ्यांनी मी सरळ झालो, हेही खरं.

पण सरळ म्हणजे कसा, ते ऐका. तुम्ही दात काढलाय कधी? सुई दिल्यावर गालाला हात लावून बघा. गाल तुमचाच असतो, हाताला मात्र दुसऱ्याचा लागतो. तसा दहा वर्षं मी सगळीकडे. रवीचं लग्न झालं, अक्षता टाकल्या, लोकांना 'जेवून जा' म्हटलं. निवृत्त झालो, पोरांनी हार घातला, दोघीतिघी मुली रडल्या, आणि मी मनात म्हणत होतो, आता चेहरा कसा करायचा असतो? तुम्हाला वाटेल, बरंय की, त्रास नाही. त्रास नव्हताच. तेच तर. नात झाली, दिशा, तिला माझ्या मांडीवर ठेवली आणि कुसा माझ्याकडे बघत होती — अशी बघत होती, की आता याला काहीतरी होईल. आणि मी म्हणालो, 'सव्वातीन किलो असेल.' कुसानं मान फिरवली. त्या दिवशी घरी आल्यावर मी तिला सांगितलं, आजपासून गोळ्या बंद. वेडा झालो तर झालो. मला वाटलं ती भांडेल, रडेल, रवीला बोलावेल. ती नुसतं 'बरं' म्हणाली. माझ्या हातातली बाटली घेतली आणि म्हणाली, 'बरं. तुम्ही म्हणाल तसं.' मला केवढं नवल वाटलं! आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर असा विश्वास टाकलाय, असं वाटलं. मी त्या 'बरं'वर अडीच वर्षं जगलो हो.

तेच सांगतोय. अडीच वर्षं मी गोळी खाल्ली नाही. वेड आलं नाही. दोन हजार तीनचा कुंभमेळा आला, मी कुसाबरोबर पुलावर उभा राहून सगळी गर्दी पाहिली, एक बीकरसुद्धा मनात आला नाही, आणि कुसा म्हणाली, 'बघा, काही झालं का?' मी म्हटलं, नाही. मी बरा झालो होतो! फक्त — परत काही आलं नाही. गाल दुसऱ्याचा तो दुसऱ्याचाच. दिशा चालायला लागली, 'आबा' म्हणायला लागली, माझ्या चष्म्याशी खेळायची, आणि मी तिच्याकडे बघून हसायचो, कारण अशा वेळी हसतात. आता मी शास्त्राचा माणूस. गोळी होती तेव्हा काही वाटत नव्हतं, गोळी नाही तरीही काही वाटत नाही, तर निष्कर्ष काय? दोष गोळीचा नव्हता. माझ्यातच ते नाही. कधी नव्हतंच बहुतेक. आणि हे मी कुसाला सांगितलं. एक दिवस ती लसूण सोलत बसली होती, मी समोर पाट घेऊन बसलो आणि म्हटलं, कुसा, मी उगाच गोळ्यांना नावं ठेवली. मीच असा आहे, दगड. तुझ्यावरसुद्धा माझं कधी प्रेम असेल असं वाटत नाही, मला माफ कर. — असं म्हणालो मी. बायकोला. तोंडावर. आणि ती लसूण सोलत राहिली. मग उठली आणि म्हणाली, 'ताक आणते, उन्हातून आलाय.'

गोळी त्या ताकात होती. रोजच्या. तेव्हा तरी सांगायचं होतं ना! नाही का हो? बाकीचं सगळं मी समजू शकतो — घाबरली असेल, चौकी आठवली असेल, फिनेल आठवलं असेल — पण माणूस समोर बसून म्हणतोय की मी दगड आहे, आणि तुम्हाला माहीत आहे की तो दगड नाही, तुम्हीच रोज दोन वेळा त्याला दगड करताय, तर एक शब्द? तिनं मला तसंच राहू दिलं. स्वतःला दगड समजू दिलं मला. आणि ते ताक! मी चारचौघांत त्याचं कौतुक करायचो. आमच्या कुसाचं ताक कधी आंबट लागत नाही म्हणून. कसं लागेल? गोळी लिथियम कार्बोनेटची, आणि कार्बोनेट पडलं की आंबटपणा मरणारच, हे अकरावीचं पोर सांगेल. वर बारीक फेससुद्धा यायचा. मी म्हणायचो, वा, काय घुसळलंय!

कळलं कसं? मिठामुळे कळलं. म्हणजे मीठ नसल्यामुळे. या चैत्रात कुसा गेली. पोटाचं दुखणं होतं, चार महिने हळूहळू झिजली. शेवटी शेवटी मंजुषाला, सुनेला, जवळ बसवून कानात काहीतरी सांगत असायची. मला वाटायचं दागिन्यांचं असेल, बायकांचं असतं. अमरधामला रवीनं अग्नी दिला, तो लहान मुलासारखा रडत होता, आणि मी उभा. ज्योतीकडे बघून मनात आलं, पिवळी — सोडियम. बायकोच्या चितेपुढे मला सोडियम सुचलं! मग घरी सुतक. माझी मोठी बहीण नामपूरहून आली, चांगुणाअक्का. ती म्हणाली, 'दहा दिन मीठ खावानं नई, भाऊ. आपला घरमा असंच शे.' आमच्याकडे तशी रीत. वडील गेले तेव्हाही पाळली होती. मंजुषा नाशिकची, तिला काय माहीत, अक्कापुढे कोण बोलणार? अळणी वरण, अळणी भात, अळणी ताक. मीही म्हटलं, पाळू. रडता येत नाही तर निदान अळणी तरी खाऊ तिच्यासाठी.

आणि चारपाच दिवसांत मला व्हायला लागलं. आधी हात — हे असे, नाही, याहून जास्त, पेला धरवेना. मग पाय. खोलीतून ओसरीवर यायचं तर भिंत धरून. पोटात ढवळायचं, खाल्लेलं वर यायचं. जीभ जड झाली, 'कुसा' म्हणायला गेलो तर 'कुशा' यायचं. भेटायला येणारी माणसं बघायची आणि पदराला डोळे पुसायची. 'सरांचा किती जीव होता हो!' अक्का मला कुशीत घेऊन म्हणाली, 'भाऊ, रडी ले, रडी ले.' आणि मी — तुम्हाला खोटं वाटेल — मी आनंदात होतो. खरंच. आतल्या आत मी आनंदानं वेडा झालो होतो. मला वाटलं, आलं! इतक्या वर्षांनी आलं. माझ्यात होतं, फक्त उशिरा पोचलं. कुसा, बघ, माझे हात बघ, मी दगड नव्हतो, असं मी तिच्या फोटोला दाखवत होतो. हात वर करून. तो थरथरता हात मला इतका आवडला होता! डोळ्यांतून पाणी तेवढं येत नव्हतं. म्हटलं, येईल, जरा धीर धरू, आता फार लांब नाही.

आठव्या दिवशी पडलो. दवाखान्यात नेलं, रक्त घेतलं, आणि एक तरुण डॉक्टर येऊन मला विचारतो, 'सर, लिथियम किती घेता रोज?' मी म्हटलं, घेत नाही, अडीच वर्षं झाली. तो म्हणाला, 'सर, अंगात दुपटीनं साचलंय.' मी रवीकडे बघितलं. रवी जमिनीकडे बघत होता. मंजुषानं तोंडावर पदर घेतला. कळलं का तुम्हाला? मीठ आणि लिथियम शरीराला सारखीच वाटतात, मीठ मिळेना की ते लिथियमलाच धरून बसतं. मीठ बंद, गोळी चालू. कुसा असती तर तिनं बरोबर केलं असतं, चिमूटभर मीठ चोरून घातलं असतं ताकात, तिला चोरून घालायची सवयच होती. मंजुषानं बिचारीनं सांगितलं तेवढं केलं. म्हणजे ते हात — ते दुःख नव्हतं. विषबाधा होती. दोन दिवस सलाइनवर ठेवून, पाणी घालघालून, माझं दुःख लघवीवाटे काढून टाकलं. चौथ्या दिवशी हात एकदम स्थिर. छान, म्हणाले.

नाही, मला राग आला नाही. राग यायलासुद्धा काहीतरी लागतं. पण मग एकेक उलगडायला लागलं. दर तीन महिन्यांनी कुसा मला शुगर तपासायला न्यायची. मला साखर नाही. कधीच नव्हती! लॅबमधला मुलगासुद्धा म्हणायचा, 'सर, शुगर एकदम नॉर्मल.' ते रक्त लिथियम मोजायला जायचं, त्यालाही माहीत असणार. आणि आत बसलाय ना, आपला डॉक्टर — तो माझा विद्यार्थी. बारावीला पहिल्या बाकावर बसायचा. दर दसऱ्याला सोनं द्यायला घरी यायचा आणि म्हणायचा, 'सर, दोन्ही हात पुढे करा, बोटं पसरून.' मी करायचो. आपट्याची पानं घ्यायला. तो पानं देताना बघायचा बोटं हलतात का! मी त्याला आशीर्वाद देत होतो हो, आणि तो मला तपासत होता. माहीत नसलेलं कुणी म्हणजे कुणीच राहिलं नाही. अडीच वर्षांची दिशा तेवढी. आणि तीही कधी कधी ताकाचा पेला घेऊन यायची — 'आबा, संपवायचं सगळं.' संपवायचं सगळं! तिला ते वाक्य कुणी शिकवलं असेल?

म्हणून म्हणतो, तुम्ही तिला सांगा. तुमच्या बायकोला. गोळी हातावर ठेवा आणि म्हणा, ही गोळी आहे. — नाही घेतली तर? फेकली तर? ते — ते मला नाही माहीत. मी कुठे म्हटलं मला माहीत आहे? मी फक्त माझी बाजू सांगतोय. मला आज आत जाऊन एवढंच मागायचंय, की मला थोडे दिवस द्या. गोळीशिवाय. चोरून नाही, उघड, तुमच्या नजरेखाली. गोळी थांबून तीन आठवडे झालेत, आता कुठे सुटायला लागलंय सगळं. मला एकदा कुसासाठी रडायचंय. एकदाच. मग द्या काय द्यायच्या त्या गोळ्या, मी स्वतः मागून घेईन. एवढं मागणं जास्त आहे का हो? आणि येतंय! खरंच येतंय. रंग दिसायला लागलेत. तुम्ही इथे येताना गंगापूर रोडचा गुलमोहर पाहिलात? मी रवीला स्कूटर थांबवायला लावली, उतरलो आणि त्याखाली उभा राहिलो, तो म्हणतो, 'बाबा, चला ना, लोक बघतायत.' झोपही फारशी लागत नाही आता, तीन तास पुरते, मधल्या वेळात किती कामं होतात. घरातल्या सगळ्या बरण्या घासून ओळीनं लावल्या, पेलेही, त्यांत पाणी भरून ठेवलं — कशाला म्हणजे, मोजायला. नाही, तसलं मोजणं नाही. हे वेगळं आहे. हे — आणि आज सकाळी तर! कुसाच्या कपाटात उरलेल्या गोळ्या सापडल्या. जुन्या शेगडीची तार काढली, गोळी कुटून लिंबाच्या रसात कालवली, त्यात तार बुडवून गॅसच्या निळ्या ज्योतीत धरली. तुम्ही पाहिलाय तो रंग? लिथियमचा? किरमिजी! असा किरमिजी, की बघतच राहावं. वर्षानुवर्षं मी पोरांना दाखवला आणि तो माझ्या पोटात होता! मी मंजुषाला हाका मारल्या, ये, बघ, ही तुझी सासू बघ, कशी पेटलीय, आणि मला हसू आवरेना. हसत हसत खाली बसलो मी. आणि मंजुषा रडत होती. ओट्याला टेकून. मी हसतोय, ती रडतेय. मी तिला म्हटलं पण, अगं, रडतेस काय? मी — मला रडायचं होतं ना.

मी फार बोलतोय का?

खरं सांगा. किती वेळ झाला? तुम्ही आलात तेव्हा ते आजोबा तिथे होते, ते गेलेसुद्धा. तुमच्या हातातली चिठ्ठी कधी घेतली मी? घ्या, घ्या ही. चुरगळली जरा. — रामकुंडावर त्या साधूशी मी असाच बोलत होतो बहुतेक. तोही असाच बघत होता. तुमच्यासारखा. सरळ, डोळ्यांत, थोडं मागे सरकून.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. आधी ते ताकात नव्हतं. आधी वरणात होतं. मी 'बंद' म्हणालो त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी, जेवायला बसलो आणि वरणावर लाल ठिपके. बारीक, कुंकवासारखे. हळदीवर अल्कली पडली की ती लाल होते. मी ते शिकवलंय हो! पहिल्या वर्षाच्या पहिल्या प्रयोगात, हळदीचा कागद. मी वरणाकडे बघितलं, कुसाकडे बघितलं. ती वाढायचा डाव हातात धरून उभी होती, तशीच, हलत नव्हती. मग म्हणाली, 'पापडखार सांडला वाटतं.' आणि मी भात कालवला. दुसऱ्या दिवसापासून ताक यायला लागलं. — नाही, मला माहीत होतं असं नाही म्हणत मी. माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी विचारलं असतं ना? घरात त्या दिवसांत पापड कुणी लाटत नव्हतं. पावसाळा होता. पण म्हणून काय माणूस लगेच … मी विचारलं नाही, एवढंच.

ती बघा, मंजुषा आली. थर्मास घेऊन. सकाळपासून तिचे डोळे तसेच आहेत, लाल. आणि तुमचं नाव पुकारतायत वाटतं — साक्षी? साक्षी म्हणजे तुमची बायको का? छान नाव आहे. जा. उठा, जा आत, रवी आला बाहेर. काय मागायचं ते मागा, माझं ऐकू नका. मी कोण सांगणारा? जा हो.

ये गं. बस. ओतलास चहा? — काही नाही, त्यांच्याशी बोलत होतो, ओझरचे आहेत. हात कशाला कापतोय तुझा? सांडेल. दे इकडे.

नाही, काही विचारत नाही. दे.